लहान आतड्यातील पेशींकडून लघुपेप्टाइडांचे शोषण व वहन : एक विवेचन

गोषवारा : आहारातील प्रथिनांचे पचन पूर्ण होऊन सुटी अमिनो आम्ले तयार होतात आणि केवळ तीच आतड्यातून शोषली जातात, असे अनेक पाठ्यपुस्तकांतून आजही शिकविले जाते. गेल्या सहा-सात दशकांतील संशोधन पाहता हे विधान अपुरे ठरते. दोन किंवा तीन अमिनो आम्लांची पेप्टाइडे अखंड स्वरूपात आतड्याच्या पेशीत शिरतात व त्यांचे अखेरचे विघटन पेशीच्या आत होते. प्रस्तुत लेखात या मार्गाचा शोध, त्यामागील प्रोटॉन-प्रवणतेची यंत्रणा, पेप्ट-१ हे वाहक प्रथिन आणि या ज्ञानाचा आजार, औषध व आहार यांच्याशी असलेला संबंध यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : लघुपेप्टाइड, लहान आतडे, पेप्ट-१, प्रोटॉन-प्रवणता, हार्टनप विकार, वॅलासायक्लोव्हिर

प्रस्तावना

मनुष्य जे प्रथिन खातो ते जसेच्या तसे रक्तात जात नाही, हे सर्वज्ञात आहे. डाळीतील, दुधातील अथवा अंड्यातील प्रथिनाची लांब साखळी जठरात पेप्सिनमुळे तुटू लागते. पुढे आद्यांत्रात स्वादुपिंडाच्या रसातील ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, इलास्टेज व कार्बोक्सिपेप्टिडेज ही विकरे तिचे आणखी लहान तुकडे करतात. इथपर्यंतच्या वर्णनाबद्दल मतभेद नाही. प्रश्न निर्माण होतो तो यानंतरच्या टप्प्याबद्दल. बहुतेक क्रमिक पुस्तकांत यापुढे एकच वाक्य येते : ‘अशा रीतीने तयार झालेली अमिनो आम्ले रसांकुरांतील केशवाहिन्यांत शोषली जातात.’ या एका वाक्यात शरीरक्रियाविज्ञानातील एक महत्त्वाचा अध्याय गाळला जातो.

वास्तविक स्वादुपिंडाच्या विकरांचे काम संपते तेव्हा आतड्याच्या पोकळीतील प्रथिनजन्य द्रव्यापैकी साधारण एक तृतीयांश भागच सुट्या अमिनो आम्लांच्या स्वरूपात असतो. उरलेला सुमारे दोन तृतीयांश भाग दोन ते सहा अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांचा असतो. या साखळ्यांचे पुढे काय होते, हाच या लेखाचा विषय होय.

शोषणाचे स्थान

लहान आतड्याच्या अंतःस्तरावर रसांकुर असतात व रसांकुरांवरील प्रत्येक शोषक पेशीच्या पोकळीकडील पृष्ठावर हजारो सूक्ष्म रसांकुर असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही कड दाट केसांच्या ब्रशासारखी दिसते, म्हणून तिला ब्रश-किनार म्हणतात. या रचनेमुळे आतड्याचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे होते, असे वर्गात हमखास सांगितले जाते. स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये केलेल्या मोजमापानुसार मात्र ते सुमारे ३० चौरस मीटर भरते. टेनिसचे मैदान त्याच्या कितीतरी पट मोठे असते. सोयीची उपमा एकदा पुस्तकात शिरली की ती बाहेर काढणे कठीण जाते, याचे हे एक उदाहरण. अमिनो आम्लांविषयीच्या उपरोक्त वाक्याचेही तसेच झाले आहे.

शोषक पेशीला दोन भिन्न बाजू असतात. एक बाजू आतड्याच्या पोकळीकडे, म्हणजे ब्रश-किनारीची; दुसरी रक्ताकडे, म्हणजे तळाची. दोन्ही बाजूंच्या पेशीपटलांतील वाहक प्रथिने वेगवेगळी असतात. अन्नघटकाला रक्तात पोचण्यासाठी ही दोन्ही दारे ओलांडावी लागतात. पुढील सर्व विवेचनात हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मताची घडण आणि पुनर्विचार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक शरीरक्रियावैज्ञानिकांचा समज याच्या उलट होता. प्रथिनांचे अर्धवट पचलेले तुकडे, ज्यांना तेव्हा ‘पेप्टोन’ म्हणत, तेच शोषले जातात व आतड्याच्या भित्तिकेत त्यांच्यापासून पुन्हा प्रथिन बनते, असे मानले जाई. कारण आतड्याच्या ऊतीत ठेवलेले पेप्टोन नाहीसे होताना दिसत असे. १९०१ मध्ये ओटो कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, पेप्टोन नाहीसे होतात ते पुनर्रचनेमुळे नव्हे, तर त्यांचे आणखी विघटन झाल्यामुळे. हे विघटन घडविणाऱ्या आतड्यातील द्रव्याला त्याने ‘इरेप्सिन’ असे नाव दिले. पुढे १९१२ च्या सुमारास अमेरिकेत फोलिन व डेनिस, तसेच व्हॅन स्लाइक व मायर यांनी पचनकाळात रक्तातील अमिनो आम्लांचे प्रमाण वाढते हे सिद्ध केले. या दोन निष्कर्षांवरून ‘प्रथिनांचे पूर्ण विघटन आतड्याच्या पोकळीतच होते’ हे मत रूढ झाले.

या युक्तिवादात एक फट होती. इरेप्सिन हे आतड्याच्या भित्तिकेतून काढलेले द्रव्य होते. ते पोकळीत काम करते की पेशीच्या आत, हे त्या प्रयोगांतून ठरत नव्हते. रक्तात अमिनो आम्ले आढळली म्हणजे ती त्याच स्वरूपात पेशीत शिरली असलीच पाहिजेत, असेही सिद्ध होत नाही. तरीही जवळजवळ अर्धशतक या फटीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

१९५३ मध्ये एगर, हर्ड व सिधू यांना उंदराच्या आतड्यावरील प्रयोगात ग्लायसिलग्लायसिन हे द्विपेप्टाइड भित्तिकेतून अखंड पार जाताना आढळले. १९५९-६० मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे न्यूई व स्मिथ यांनी द्विपेप्टाइडे पेशीत शिरतात व त्यांचे विघटन पेशीच्या आत होते, असा निष्कर्ष मांडला. तथापि प्राण्याच्या आतड्याच्या तुकड्यावरील प्रयोग आणि जिवंत माणसाचे पचन यांत अंतर असते. ते अंतर भरून काढण्याचे श्रेय मुख्यतः लंडनमधील मॅथ्यूज यांच्या गटाकडे आणि अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील सियामक आदिबी यांच्याकडे जाते. मॅथ्यूज व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुटे ग्लायसिन आणि तेच ग्लायसिन पेप्टाइडाच्या स्वरूपात माणसांना देऊन पाहिले. पेप्टाइडाच्या रूपातील ग्लायसिन अधिक वेगाने शोषले गेले. पेप्टाइड आधी पोकळीत तुटून मग शोषले जात असते, तर त्याचा वेग सुट्या ग्लायसिनपेक्षा अधिक असणे शक्यच नव्हते. साधा वाटणारा हा प्रयोग जुन्या मताला छेद देणारा होता.

हार्टनप विकाराची साक्ष

याहून निर्णायक पुरावा एका दुर्मीळ आनुवंशिक विकारातून मिळाला. १९५६ मध्ये लंडनमधील एका कुटुंबात हा विकार प्रथम वर्णिला गेला व त्या कुटुंबाच्या आडनावावरून त्याला ‘हार्टनप विकार’ हे नाव पडले. यात आतडे आणि मूत्रपिंड या दोन्ही ठिकाणी तटस्थ अमिनो आम्लांचे वहन करणारे प्रथिन सदोष असते. त्याचे जनुक २००४ मध्ये ओळखले गेले. या अमिनो आम्लांत ट्रिप्टोफॅनचा समावेश होतो. ट्रिप्टोफॅनपासून शरीर नायसिन हे जीवनसत्त्व काही अंशी तयार करते. साहजिकच काही रुग्णांत उन्हाने त्वचेवर चट्टे पडणे, तोल जाणे अशी पेलाग्रासारखी लक्षणे दिसतात. पेलाग्रा महाराष्ट्राच्या परिसराला अपरिचित नाही. ज्वारी हे मुख्य अन्न असलेल्या दख्खनच्या पठारावर हा आजार आढळत असे, आणि त्यामागे ज्वारीतील ल्यूसिनचे आधिक्य असावे असा सिद्धांत हैदराबाद येथील गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडला होता. तेथे कारण आहारातले होते. हार्टनप विकारात ते वाहक प्रथिनातले आहे.

जुने मत खरे धरले तर हार्टनप विकाराचे रुग्ण जगणेच दुरापास्त ठरते. ल्यूसिन, फेनिलअॅलॅनिन, ट्रिप्टोफॅन यांसारखी अत्यावश्यक अमिनो आम्ले आतड्यातून नीट शोषली जात नसतील, तर शरीराची वाढ होणार कशी? प्रत्यक्षात यातील अनेक व्यक्ती जवळपास निरोगी आयुष्य जगतात व पुरेसे प्रथिन खाणाऱ्यांत लक्षणे क्वचितच दिसतात. या कोड्याचा उलगडा १९७० मध्ये झाला. जी अमिनो आम्ले या रुग्णांना सुट्या स्वरूपात शोषता येत नव्हती, तीच द्विपेप्टाइडात बांधून दिली असता रक्तात पोचत असल्याचे आढळून आले. सिस्टिन्युरिया या विकारातही आर्जिनिन, लायसिन इत्यादींबाबत असेच दिसले. याचा अर्थ स्पष्ट होता. पेप्टाइडांसाठी ब्रश-किनारीत स्वतंत्र दार आहे आणि अमिनो आम्लांचे दार बंद असले तरी ते उघडे राहते.

या युक्तिवादाला पूर्णत्व देणारा तिसरा विकार फिनलंडमध्ये १९६५ मध्ये वर्णिला गेला. लायसिन्यूरिक प्रथिन-असहिष्णुता असे त्याचे नाव. यात दोष ब्रश-किनारीत नसून पेशीच्या तळाकडील पटलात असतो. या रुग्णांना लायसिन पेप्टाइडाच्या स्वरूपात दिले तरी ते रक्तात नीट पोचत नाही, असे फिनिश संशोधकांनी १९८० मध्ये दाखविले. पेप्टाइड पहिल्या दारातून आत येते, पेशीत तुटते आणि सुटे झालेले लायसिन दुसऱ्या दाराशी अडकते. हार्टनप विकार व सिस्टिन्युरिया यांत पेप्टाइड उपयोगी पडते. येथे पडत नाही. हे तिन्ही विकार एकत्र शिकविल्यास पेशीच्या दोन बाजूंमधील फरक विद्यार्थ्यांना जितका स्पष्ट होईल, तितका तो कोणत्याही आकृतीने होणे कठीण आहे.

प्रोटॉनांच्या बळावर वहन

पेप्टाइड पेशीत शिरते ते कोणत्या शक्तीच्या आधारे, हा पुढचा प्रश्न. ग्लुकोज सोडियमच्या सोबतीने पेशीत ओढले जाते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली होती आणि ती इतकी यशस्वी ठरली की पेप्टाइडांसाठीही तेच गृहीत धरले गेले. आतड्याच्या ऊतीभोवतालचे सोडियम काढून घेतले असता पेप्टाइडांचे शोषण घटत असे. त्यामुळे या गृहीतकाला पुष्टीही मिळाली. परंतु ब्रश-किनारीचे पटल वेगळे काढून त्याच्या सूक्ष्म पिशव्या तयार केल्या असता सोडियमच्या असण्या-नसण्याने पेप्टाइडांच्या प्रवेशात विशेष फरक पडेना. एकाच क्रियेबद्दल दोन परस्परविरोधी निरीक्षणे समोर होती.

अमेरिकेतील जॉर्जिया येथे काम करणारे मूळचे भारतीय शास्त्रज्ञ वडिवेल गणपती व त्यांचे सहकारी फ्रेडरिक लीबाख यांनी १९८३ मध्ये या विसंगतीचे मूळ दाखवून दिले. सशाच्या आतड्याच्या व मूत्रपिंडाच्या पटलापासून केलेल्या पिशव्यांच्या बाहेरील द्रव आतील द्रवापेक्षा अधिक आम्लधर्मी ठेवला की पेप्टाइडांचा प्रवेश वाढत होता. पेप्टाइड सोडियमसोबत नव्हे, तर प्रोटॉनसोबत, म्हणजे हायड्रोजनच्या धन आयनासोबत आत येते, हे त्यातून पुढे आले. त्या काळी प्राण्यांच्या पेशीत असे प्रोटॉनवर चालणारे वहन ही अनपेक्षित बाब होती. ते जीवाणू व वनस्पतींचे वैशिष्ट्य समजले जात असे.

मग सोडियमविना शोषण का घटत होते? ब्रश-किनारीलगत द्रवाचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. त्याचा पीएच पेशीच्या आतल्यापेक्षा कमी, म्हणजे आम्लधर्मी असतो. पेशीत आलेले प्रोटॉन पुन्हा बाहेर टाकण्याचे काम ब्रश-किनारीतील दुसरे एक प्रथिन करते व त्या बदल्यात ते सोडियम आत घेते. हे सोडियम तळाकडील सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी खर्चून रक्ताच्या बाजूला काढून टाकतो. अशा प्रकारे सोडियमचा सहभाग अप्रत्यक्ष आहे. अखंड पेशीत सोडियम नसेल तर प्रोटॉन बाहेर टाकले जात नाहीत, प्रवणता ढासळते व पेप्टाइडांचे वहन मंदावते. सुट्या पटलाच्या पिशवीत प्रवणता प्रयोगकर्त्यानेच निर्माण केलेली असल्याने तेथे सोडियमची गरज भासत नाही. दोन्ही निरीक्षणे आपापल्या जागी खरी होती. पेशीच्या आतील बाजूचा ऋण विद्युतभारही धनभारित प्रोटॉनला आत खेचतो व वहनास हातभार लावतो.

या व्यवस्थेत काटकसरही आहे. सुटे तटस्थ अमिनो आम्ल एकेका सोडियम आयनासोबत आत येते. उलट तटस्थ द्विपेप्टाइड एका प्रोटॉनच्या बळावर दोन, आणि त्रिपेप्टाइड तीन अमिनो आम्ले आत आणते.

पेप्ट-१ : वाहकाची ओळख

या वाहकाचे जनुक १९९४ मध्ये सापडले. सशाच्या आतड्यातील संदेशवाहक आरएनए आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशीत सोडून, कोणत्या अंशामुळे ती अंडपेशी पेप्टाइड आत घेऊ लागते हे पाहत बोस्टन येथील हेडिगर यांच्या गटाने ते वेगळे केले. त्याला पेप्ट-१ असे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी मानवी पेप्ट-१ ओळखले गेले. ते ७०८ अमिनो आम्लांचे असून पेशीपटलातून बारा वेळा आरपार जाते. त्याचे जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे. याचेच भावंड असलेले पेप्ट-२ प्रामुख्याने मूत्रपिंडात आढळते व गाळल्या गेलेल्या द्रवातून पेप्टाइडे परत मिळविते. त्याचे पेप्टाइडांशी असलेले आकर्षण अधिक, परंतु वहनक्षमता कमी. आतड्यात जेवणानंतर पेप्टाइडांचा लोंढा येतो, तेथे कमी आकर्षणाचा पण अधिक क्षमतेचा वाहक योग्य ठरतो. मूत्रपिंडात तुरळक पेप्टाइडे वेचायची असल्याने तेथे उलट गरज असते.

पेप्ट-१ ची खरी नवलाई त्याच्या उदारतेत आहे. शरीरातील अनेक वाहक एका किंवा मोजक्या द्रव्यांपुरते मर्यादित असतात. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपासून ४०० द्विपेप्टाइडे व ८,००० त्रिपेप्टाइडे संभवतात, आणि आकार, विद्युतभार व जलस्नेह यांत कमालीची भिन्न असलेली ही पेप्टाइडे, काही थोडी वगळता, एकच वाहक हाताळतो. मात्र एकटे अमिनो आम्ल तो स्वीकारत नाही आणि चार अमिनो आम्लांची साखळीही नाही. त्यामुळे चार किंवा अधिक अमिनो आम्लांच्या साखळ्या ब्रश-किनारीवरील पेप्टिडेज विकरांनी आधी छाटल्या जाणे आवश्यक ठरते. मानवी पेप्ट-१ व पेप्ट-२ यांची त्रिमितीय रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने २०२१ मध्ये उलगडली. साखळीच्या दोन्ही टोकांचे विरुद्ध विद्युतभार पकडून ठेवणारे बिंदू आणि त्यांच्यामधील ऐसपैस पोकळी हे या उदारतेचे व मर्यादेचेही कारण आहे. टोकांमधील अंतर जुळले पाहिजे. मधल्या शाखा कशाही असल्या तरी चालतात. वाहक आलटून पालटून बाहेरच्या व आतल्या बाजूस उघडतो, आणि प्रोटॉन चिकटण्या-सुटण्याने ही उघडझाप नियंत्रित होते.

पेशीत शिरलेल्या पेप्टाइडाचे आयुष्य अल्प असते. द्विपेप्टाइडे तोडणाऱ्या विकरांची बहुतांश क्रियाशीलता ब्रश-किनारीत नसून पेशीद्रवातच असते. तेथे त्यांची अमिनो आम्ले सुटी होतात, तळाकडील वाहकांमार्फत बाहेर पडतात आणि प्रतिहारी शिरेतून यकृताकडे जातात. रक्तात मुख्यतः सुटी अमिनो आम्लेच का सापडतात, याचे उत्तर येथे आहे. १९१२ ची निरीक्षणे अचूक होती, त्यांवरून काढलेला निष्कर्ष अचूक नव्हता.

औषधे : चुकीच्या ओळखीचा लाभ

वाहक उदार असला की त्याची फसगतही होते. सेफॅलेक्सिन, सेफॅड्रॉक्सिल यांसारख्या प्रतिजैविकांची रचना त्रिपेप्टाइडाशी इतकी मिळतीजुळती असते की पेप्ट-१ त्यांना आत घेतो. ही औषधे तोंडावाटे देता येतात, यामागील हे एक प्रमुख कारण आहे. याहून उद्बोधक उदाहरण नागीण व तत्सम विषाणुजन्य आजारांवरील असायक्लोव्हिरचे. ते तोंडावाटे घेतले असता जेमतेम १० ते २० टक्के भाग रक्तात पोचतो. त्याला व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडून वॅलासायक्लोव्हिर तयार करण्यात आले व अमेरिकेत १९९५ मध्ये त्यास मान्यता मिळाली. यातून मिळणाऱ्या असायक्लोव्हिरचे प्रमाण सुमारे ५४ टक्क्यांपर्यंत जाते. या रेणूत पेप्टाइड बंध नाही; तरीही वाहक त्याला पेप्टाइड समजून आत घेतो आणि पुढे शरीरातील विकरे व्हॅलिन तोडून मूळ औषध मोकळे करतात.

आहार आणि बाजारातील दावे

दीर्घ उपवासात उंदरांच्या आतड्यातील पेप्ट-१ चे प्रमाण वाढते, असे १९९९ मधील प्रयोगांत दिसून आले. उपासमारीत आतड्याचा अंतःस्तर झिजत असताना हा एक मार्ग बळकट व्हावा, हे अर्थपूर्ण आहे. ज्या रुग्णांना नळीवाटे अन्न द्यावे लागते त्यांच्यासाठी सुट्या अमिनो आम्लांऐवजी पेप्टाइडयुक्त आहार तयार करण्यामागे हीच विचारसरणी आहे. त्याचा आणखी एक व्यावहारिक लाभ असा की, तेवढीच अमिनो आम्ले पेप्टाइडांत बांधलेली असली की द्रावणातील कणसंख्या घटते व त्याचा परासरण दाब कमी राहतो. परिणामी अतिसाराचा धोका कमी होतो. परंतु स्वादुपिंड व आतडे शाबूत असलेल्या व्यक्तीचे शरीर ही पेप्टाइडे स्वतःच तयार करते. ‘आधीच पचविलेले प्रथिन’ म्हणून निरोगी माणसाला महागडी भुकटी विकण्यास वरील शरीरक्रियेचा आधार घेता येत नाही.

कोलॅजनच्या भुकट्यांबाबत थोडे अधिक सावध विधान करावे लागते. प्रोलिन व हायड्रॉक्सिप्रोलिन असलेली पेप्टाइडे पेशीतील विकरांना सहज दाद देत नाहीत. जिलेटिनचे विघटित रूप सेवन केलेल्या माणसांच्या रक्तात प्रोलिल-हायड्रॉक्सिप्रोलिन हे द्विपेप्टाइड अखंड आढळल्याचे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये नोंदविले. काही पेप्टाइडे दुसरे दारही अखंड ओलांडतात, हे यातून मान्य करावे लागते. पण रक्तात एखादे पेप्टाइड सापडणे आणि त्याने सांधे अथवा त्वचा सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. १९१२ च्या निष्कर्षातही अशीच एक पायरी गाळली गेली होती.

पेप्ट-१ नसलेला उंदीर

पेप्टाइडांचा मार्ग महत्त्वाचा आहे असे म्हणताना २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठातील गटाने प्रसिद्ध केलेला प्रयोग नजरेआड करता येणार नाही. त्यांनी पेप्ट-१ चे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. त्यांच्या आतड्यातून ग्लायसिलसार्कोसिन या सहजी न तुटणाऱ्या द्विपेप्टाइडाचे शोषण मोठ्या प्रमाणात घटले. मात्र हे उंदीर जगले, वाढले व त्यांना पिल्लेही झाली. वरकरणी त्यांच्यात कोणतेही वैगुण्य दिसले नाही. पेप्टाइडांचे दार बंद झाल्यावर ब्रश-किनारीवरील पेप्टिडेज विकरे व सुट्या अमिनो आम्लांचे वाहक यांनी ती उणीव भरून काढली असावी. हार्टनप विकारात अमिनो आम्लांचे दार बंद असते आणि पेप्टाइडांचे दार रुग्णाला तारते. या उंदरांत नेमके उलट घडते. त्यामुळे ‘प्रथिनांचे शोषण प्रामुख्याने पेप्टाइडांच्या स्वरूपातच होते’ असे ठाम विधान, जे अलीकडील काही इंग्रजी पाठ्यपुस्तकांत आढळते, तेही जपूनच वाचले पाहिजे. कोणत्या दारातून किती माल आत येतो, हे आहारातील प्रथिनाचा प्रकार, त्याचे प्रमाण व आतड्याचा भाग यांनुसार बदलते. मध्यांत्रात पेप्टाइडांचा वाटा मोठा असतो.